फाटकवाल्याची पोर

‘अछूत कन्या’ हा आपल्यावरचा पहिल्या मानाचा सिनेमा, असं पुस्तकांतून सांगतात. १९३६ साल, बॉम्बे टॉकीज, दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन हा जर्मन माणूस. कस्तुरी म्हणजे देविका राणी, बामणाचा प्रताप म्हणजे अशोक कुमार. मान असेल. पण हा सिनेमा दौंडच्या रेल्वे वस्तीत बसून बघा.

कस्तुरी रेल्वे फाटकवाल्याची पोर. शेवटी फाटकात दोन पुरुष मारामारी करतात, समोरून गाडी येते, ही गाडी थांबवायला रुळावरून धावते आणि मरते. मग तिचं स्मारक होतं. आमच्या शिरूरकडं रेल्वे नाही; गाडी बघितली ती जत्रेतल्या तंबूत, पडद्यावर. तिकडची माणसं हा शेवट बघून डोळे पुसतात. न्हावरा, चौफुला करत दौंडला या. इथली माणसं विचारतात, बावटा कुठाय? दिवसा लाल बावटा, रात्री लाल दिवा, अडीनडीला रुळावर लावायचे फटाके. माझा मामा गँगमन होता. तो म्हणाला, “आरं, हिला बापानं काय शिकिवलंच न्हाई व्हय?” या सिनेमावर याहून नेमकं बोललेलं मी वाचलेलं नाही.

बापानं शिकवलं असणारच. दिग्दर्शकाला ते नको होतं. फाटक ही अशी जागा, की तिथं अस्पृश्याच्या हातानं मोटारवाला सावकारही थांबतो. सिनेमा सुरूच होतो तो फाटकात अडकलेल्या मोटारीपासून! म्हणजे ही ताकद ऑस्टेनला दिसली होती. पण पोरीच्या हाती ती द्यायची तर तिला मारायचं कसं, आणि ती मेली नाही तर बाल्कनीतला प्रेक्षक रडणार कसा? तिचं काम काढून घेतलं, तिची जात तेवढी ठेवली.

आणि साल बघा. त्याच्या आदल्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, बाबासाहेबांनी येवल्यात सांगितलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही. येवला म्हणजे दौंड-मनमाड लाइनीवरचंच स्टेशन. लाइनीवर माणसं उठून उभी राहत होती, आणि पडद्यावर आपली पोर रुळावर आडवी.

बिमल रॉय यांची ‘सुजाता’ (१९५९) मरत नाही, पण तिला रक्त द्यावं लागतं. तेव्हा कुठं घर तिला लेक म्हणतं. नूतन चांगली आहे. पुढं चला.

सत्यजित राय यांच्या ‘सद्गती’पाशी (१९८१) मात्र थांबावं लागतं. प्रेमचंदांची कथा. नावंसुद्धा बघा, कस्तुरीचा बाप दुखिया, हा दुखी. पंचेचाळीस वर्षांत एवढाच फरक. पण राय काम दाखवतात. उपाशी पोट, ओंडका, कुऱ्हाड. ओम पुरीचा घाव आपल्या खांद्यात बसतो. दुखी मरतो, आणि वस्तीतली माणसं प्रेत उचलायला जात नाहीत. मग पंडिताला स्वतःच दोर बांधून ते ओढत न्यावं लागतं. यात शहाणी माणसं पंडिताचं क्रौर्य तेवढं बघतात. मला तो नकार दिसतो. १९२७ च्या महाडनंतर आपल्या माणसांनी गावोगाव मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, त्यांना हा दोर बरोबर कळतो. रायना तो किती कळला होता, कोण जाणे.

राहिले दोन दगड. श्याम बेनेगल यांच्या ‘अंकुर’मध्ये (१९७४) पोरगं जमीनदाराच्या खिडकीवर दगड मारतं. काच त्याची फुटते. आपण खुर्चीत सुखरूप. ‘फँड्री’त (२०१३) जब्याचा दगड सरळ कॅमेऱ्यावर येतो. हा नागराज मंजुळे जेऊरचा. जेऊर पण दौंडच्याच लाइनीवर, सोलापूरच्या अंगाला. डुक्कर धरायचं काम त्यानं कुठंही लपवलं नाही, लाज आणि घाम दोन्ही दाखवलं. सिनेमा आपल्या हातात आला तो इथं.

तरी नागराजला एक विचारायचंय. जब्याच्या हातात दगड आला. ज्या बहिणींची गावातली पोरं टिंगल करतात, त्यांच्या हातात काय दिलंस? का अजून बावटा सापडला नाही?