झिजलेल्या रुपयाला किती गुण?

संशोधन पद्धतीच्या पेपरात मापनश्रेणींवर हमखास प्रश्न येतो. नामश्रेणी, क्रमश्रेणी, अंतरश्रेणी, गुणोत्तरश्रेणी... व्याख्या सगळ्यांना पाठ असतात. पण प्रत्यक्षात एखादा आकडा समोर आला की तो यातला कुठला, हे विचारायचं राहून जातं. आज अशाच एका आकड्याची चिरफाड करू. तो जुन्या चांदीच्या नाण्यांच्या बाजारातला आहे.

समजा तुमच्या हातात पंचम जॉर्जचा कलदार रुपया आहे. मुकुटावरचे मोती सपाट झालेत, कानाची कड पुसट आहे, झग्यावरचा छोटा हत्ती जेमतेम ओळखू येतो. जाणकार म्हणेल, ‘व्हीएफ २०’. दुसरा जरा उठावदार रुपया ‘ईएफ ४०’. आता सांगा, दुसरा पहिल्याच्या दुप्पट चांगला आहे का?

ही १ ते ७० ची मोजपट्टी विल्यम शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली ‘अर्ली अमेरिकन सेंट्स’ या पुस्तकात मांडली. ती मुळात चांदीसाठी नव्हतीच. अमेरिकेच्या सुरुवातीच्या मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी होती. आणि तिचा खरा हेतू झीज मोजण्याचा नसून किंमत काढण्याचा होता. नाण्याच्या प्रकाराची एक मूळ किंमत धरायची आणि तिला दर्जाच्या आकड्याने गुणायचं. मूळ किंमत एक डॉलर असेल तर २० दर्जाचं नाणं वीस डॉलरला, ६० दर्जाचं साठला. म्हणजे ‘२० ची दुप्पट ४०’ हे त्या काळी खरंच होतं, पण डॉलरमध्ये. बाजारभाव हलले, गुणाकार काही वर्षांतच निकामी झाला. आकडे मात्र टिकले, आणि १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या संग्राहकांच्या संघटनेने ते इतर नाण्यांनाही लावले. आज आपला कलदार रुपया परदेशी कंपनीच्या प्लास्टिकच्या डबीत बंद होऊन येतो तेव्हा त्यावर हाच आकडा असतो.

माझा पहिला आक्षेप इथेच आहे. किमतीवरून बनवलेली पट्टी आपण दर्जाची पट्टी म्हणून वापरतो आणि मग दर्जावरून किंमत ठरवतो. हे वर्तुळ झालं. शिवाय ही पट्टी सलगही नाही. २० नंतर २५, ३०, ३५, ४०, ४५, ५०. मधले आकडे सहसा कोणी देत नाही. याउलट ६० ते ७० मधला प्रत्येक आकडा वापरात आहे, कारण तिथे पैसा आहे. वापरलेल्या नाण्यांच्या बाबतीत ही उघडउघड क्रमश्रेणी आहे. क्रम लावा, पण सरासरी काढताना हात थरथरायला हवा.

गंमत बघा. या चार श्रेणींचा प्रसिद्ध लेख स्टॅनली स्टीव्हन्सने १९४६ साली ‘सायन्स’मध्ये लिहिला. हाच स्टीव्हन्स त्याआधी शेल्डनच्या शरीरयष्टी आणि स्वभावावरच्या पुस्तकांचा सहलेखक होता. शेल्डनने माणसांच्या शरीरांनाही १ ते ७ असे गुण दिले होते आणि त्यावरून स्वभाव सांगितला होता. ते शास्त्र पुढे मोडीत निघालं. (त्याच्याबद्दल आणखी एक गोष्ट नंतर उघड झाली. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले चांगले सेंट काढून त्याने आपल्याकडचे हलके सेंट तिथे ठेवले होते. दर्जा ओळखण्यात मात्र त्याची नजर पक्की होती म्हणायची!)

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. एकच आकडा निरनिराळ्या गोष्टी एकत्र कोंबतो. झीज म्हणजे वापरामुळे गेलेला धातू. पण ठसा मुळात कच्चा उमटला असेल तरी केस पुसटच दिसतात, आणि पिशवीत नाणी एकमेकांवर आपटून पडलेले ओरखडे ही तिसरीच गोष्ट. म्हणूनच किंचित वापरलेलं ५८ चं नाणं कधीकधी न वापरलेल्या पण ओरखडलेल्या ६० च्या नाण्यापेक्षा डोळ्यांना सुंदर दिसतं. चांदीत यात आणखी एक भर पडते. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी चिंच किंवा पितांबरी लावून घासलेला रुपया लखलखतो. घरच्यांना तो ‘नव्यासारखा’ वाटतो, संग्राहक मात्र लगेच भाव पाडतो, कारण वर्षानुवर्षं चढलेली काळसर झाक आणि मूळ पृष्ठभाग दोन्ही गेले. कडी लावून गळ्यात घातलेल्या रुपयाचंही तेच. डाग काढला तरी कडेवर खूण राहते.

मग किंमत कशावर ठरवायची? तळाचा दर चांदी देते. १९३९ पर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे सुमारे १०.७ ग्रॅम. १९४० पासून प्रमाण ५० टक्क्यांवर आलं, म्हणजे ५.८३ ग्रॅम. दोन्ही पांढरेच दिसतात, पण पाण्यात तोलले तर फरक लपत नाही. पहिल्याची घनता साधारण १०.३, दुसऱ्याची ९.५ च्या आसपास. आता झीज बघा. १९०६ च्या नाणे कायद्यात दोन टक्क्यांपेक्षा जास्त वजन घटलेला रुपया कायदेशीर चलन राहत नसे. म्हणजे सीमा साधारण ११.४३ ग्रॅम. दोन टक्के घट सराफाच्या हिशेबात क्षुल्लक असते. पण झीज आधी उठावावर होते आणि उठावात धातू असतो तो किती! त्यामुळे संग्राहकाच्या हिशेबात तेवढ्यातच चेहऱ्याचं बरंच काही गेलेलं असू शकतं.

हे वजन कोणी गंभीरपणे वाचलं असेल तर ते दामोदर धर्मानंद कोसंबींनी. गोव्यात जन्मलेला, पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकवणारा हा गणिती. तक्षशिलेला सापडलेल्या चांदीच्या आहत नाण्यांच्या साठ्यांकडे त्यांनी ‘हे नाणं किती चांगलं’ असं पाहिलंच नाही. त्यांनी ती एकेक करून तोलली. जितका काळ नाणी चलनात, तितकं सरासरी वजन कमी आणि वजनांचा विखुरलेपणा जास्त. हे गृहीतक तपासायला त्यांनी आपल्या काळातली चालू नाणीही हजारोंनी तोलली. मागच्या बाजूच्या छोट्या खुणा वाढतात तसं वजन घटतं, हेही त्यांना दिसलं. त्यातून नाणी पाडणाऱ्या राजांचा आधी-नंतरचा क्रम लावता येऊ लागला. शेल्डनच्या पट्टीत झीज हा दोष आहे. कोसंबींच्या तागडीत झीज हाच पुरावा आहे.

अर्थात तागडीही भोळेपणाने वापरू नये. जमिनीत गंजलेलं, घासून साफ केलेलं नाणं वापराशिवायही हलकं होतं. आणि हीच पद्धत कलदार रुपयाला लावायची झाली तर वर्षच फसवतं. १८६२ छापलेले रुपये १८७४ पर्यंत त्याच तारखेने पाडले जात होते. १८४० च्या रुपयाचंही १८६१ पर्यंत तसंच. मागच्या ठिपक्यांची गणती न करता ‘१८६२ ची सरासरी झीज’ काढलीत, तर आलेखाचा आडवा अक्षच चुकीचा.

करून बघायचं असेल तर एकाच वर्षाचे, एकाच टांकसाळीचे वीसेक झिजलेले रुपये एखाद्या ओळखीच्या सराफाकडून तासाभरासाठी मागा. दोघांनी वेगवेगळे बसून दर्जा लिहा, मग क्रम बदलून पुन्हा लिहा. वजन शेवटी घ्या, ०.०१ ग्रॅमपर्यंत. आधी घेतलंत तर डोळे त्या आकड्याकडे बघूनच गुण देतील.