इनामगावचा बांध वाचताना

बांध कशासाठी घालतात, हे वाशीम जिल्ह्यातल्या इंझोरीच्या शेतकऱ्याला कुणी सांगायला नको. पावसाळ्यात धुरा फुटला की पाणी वरची कसदार माती घेऊन जातं. धुरा टिकला तर त्याच पाण्याची ओल पुढे रब्बीला कामी येते. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या माणसांनी हे शहाणपण तीन हजार वर्षांपूर्वीच मातीत उतरवलं होतं. महाराष्ट्रातल्या प्राचीन मातीकामांत मला सर्वांत अर्थपूर्ण वाटतं ते त्यांचं हेच काम.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी हे ठिकाण आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. हसमुख सांकलिया, झेड. डी. अन्सारी आणि मधुकर ढवळीकर ही त्यामागची नावं. १९८८ साली त्याचा सविस्तर अहवाल निघाला. इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारास इथे पहिली शेतकरी वस्ती झाली आणि ती ७०० च्या सुमारापर्यंत नांदली. तांबं हाताशी होतं, पण बेताचं. रोजची कापाकापी गारगोटीच्या जातीच्या दगडी पात्यांनीच चाले. म्हणून या संस्कृतीला ताम्रपाषाणयुगीन म्हणतात. नवाश्मयुगातल्या शेतकऱ्यांशी तिची नाळ जवळची आहे. लोखंड मात्र अजून यायचं होतं.

आता मूळ रचनेकडे येऊ. इसवी सनापूर्वी १४०० ते १००० या टप्प्याला अभ्यासक आद्य जोर्वे काळ म्हणतात. त्या काळात वस्तीलगत दगड-मातीचा एक बांध उभा राहिला. लांबी सुमारे २४० मीटर, रुंदी २.२ मीटर. त्याच्या जोडीला एक चर खोदला गेला: सुमारे २०० मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि साडेतीन मीटर खोल. तळापर्यंत रुंदी सारखीच होती असं धरून नुसता गुणाकार केला, तरी २८०० घनमीटर माती होते. उतरत्या कडांमुळे ती काहीशी कमी भरेल, हे खरं. तरीही फावडं नाही, पहार नाही, लोखंडी टिकाव नाही, अशा काळातली ही माती आहे. उन्हाळ्यात दगडासारखी टणक होणारी आणि पावसात पायाला चिकटणारी जमीन माणसांनी उकरली, भरली, वाहिली आणि दुसरीकडे टाकली. साडेतीन मीटर म्हणजे दोन पुरुषांची खोली. तळाशी उभा असलेला माणूस वरच्याला भरलेली पाटी देऊ शकत नाही. मध्ये टप्पा लागतो, तिसरा माणूस लागतो. त्या खोलीच्या आकड्यातच कामाची वाटणी दडलेली आहे.

मातीकामात उंचवटा आणि खड्डा यांची मांडणी अर्थ सांगते. इंग्लंडमधलं एव्हबरी घ्या. नवाश्मयुगीन लोकांनी खडूच्या खडकात हरणाच्या शिंगांनी खोदलेलं ते प्रचंड वर्तुळ चारशे मीटरहून अधिक व्यासाचं आहे. तिथे खंदक बांधाच्या आतल्या बाजूला आहे. शत्रूला अडवायचं असतं तर खंदक बाहेर हवा. म्हणून अभ्यासक त्याला किल्ला न मानता विधींसाठी, मेळाव्यासाठी आखलेली जागा मानतात. इनामगावची मांडणी वेगळी आहे. इथला बांध नदीच्या पुराकडे तोंड करून आहे आणि चर ते पाणी वळवण्यासाठी आहे, असा उत्खननकर्त्यांनी अर्थ लावला. पूर थोपवायचा आणि त्याच पुराचं पाणी शेतासाठी धरायचं, अशी ही दुहेरी योजना. मला या रचनेचं मोठेपण इथे दिसतं: जे संकट आहे तेच साधन करायचं.

या अर्थाला आधार आहे तो जळक्या धान्याचा. इथे जव मुख्य पीक होतं. सोबत गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ. घोड नदीकाठचा हा भाग पर्जन्यछायेचा. गव्हाला लागणारं पाणी नुसत्या पावसावर भागणं कठीण. जळून काळे पडलेले गव्हाचे दाणे चराच्या बाजूने साक्ष देतात.

या कामाचा मुकादम कोण? वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचं एक मोठं घर सापडलं आणि त्याला लागून धान्याचं कोठार. ढवळीकरांनी ते गावप्रमुखाचं मानलं. कुंभार, सोनार असे कारागीर वस्तीच्या पश्चिम कडेला राहत. एका माणसाच्या शब्दावर अनेक हात हलत होते, इतकं यावरून कळतं. पण बांधावर कुणाचं नाव नाही, मूर्ती नाही, विजयाची खूण नाही. राबणाऱ्यांनी स्वतःच्या वस्तीसाठी आणि शेतासाठी केलेलं ते काम आहे. त्यातला रस मला याच साधेपणात सापडतो.

पुढे काळ फिरला. इसवी सनापूर्वी १००० नंतरच्या थरांत ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या दिसतात, मडक्यांची घडण खालावते, गहू रोडावतो, शिकारीच्या प्राण्यांची हाडं वाढतात. हवामान कोरडं होत गेलं, हे त्याचं कारण संशोधकांनी दिलं. बांध आलेलं पाणी राखतो. पाऊस तो आणू शकत नाही. ७०० च्या सुमारास गाव उठलं. इतकी विचारपूर्वक केलेली रचना हरली, पण चुकली नाही, हा माझा निर्वाळा आहे.

हे सगळं वाचता आलं, कारण पांढरीचं टेकाड जागेवर शिल्लक होतं. जुन्या वस्तीची राखमिश्रित पांढरी माती खत म्हणून शेतात नेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे, आणि आता तर जेसीबी एका दिवसात टेकाड सपाट करतो. विदर्भही या बाबतीत श्रीमंत आहे: पवनीला वैनगंगेच्या काठी मातीचा तट आणि खंदक आहेत, नागपूरजवळ जुनापाणीला शेकडो शिळावर्तुळं आहेत. वऱ्हाडातल्या शेतकरी बंधुभगिनींना म्हणूनच माझी विनंती आहे. शिवारात पांढरीचा उंचवटा असेल, नांगराच्या तासात रंगवलेली खापरं, दगडी पाती, मणी वर येत असतील, तर यंत्र लावण्याआधी तहसील कार्यालयाला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा. टेकाड एकदा सपाट झालं की त्यातलं काहीही पुन्हा वाचता येत नाही.