संग्रहालयाच्या दोन टोकांचा माणूस : ‘अजब बंगला’ आणि प्रेक्षकाचा प्रश्न

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील वस्तुसंग्रहालयांविषयीचे लेखन बहुतांशी संग्राहकांविषयीचे आहे. संस्था कोणी स्थापन केली, वस्तू कोणी जमविल्या, इमारत केव्हा उभी राहिली, यांची नोंद त्यात मिळते. त्या वस्तू पाहावयास कोण आले आणि त्यांनी काय पाहिले, हा प्रश्न मात्र क्वचितच उपस्थित केला जातो. वाशीम जिल्ह्यातील किन्हीराजासारख्या गावातून या इतिहासाकडे पाहिले असता ही उणीव ठळकपणे जाणवते. खेड्यातील माणूस संग्रहालयाच्या कथेत दोनदा येतो : प्रथम जमिनीतून वस्तू सापडविणारा म्हणून आणि नंतर ती वस्तू पाहणारा म्हणून. दोन्ही ठिकाणी त्याला जाणकाराचे स्थान मिळालेले नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

सापडलेली वस्तू आणि सापडविणारा :

नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ साली, मध्य प्रांताचे चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल यांच्या कारकिर्दीत स्थापन झाले. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी या प्रदेशातील भूस्तर, जीवाश्म आणि आदिवासी जमाती यांचा केलेला अभ्यास त्याच काळातील होय. हिस्लॉप यांचे १८६३ मध्ये निधन झाले व त्यांचे लेख टेंपल यांनी १८६६ साली संपादित करून प्रसिद्ध केले. डिसेंबर १८६५ मध्ये नागपुरात कला, कारागिरी व शेतमाल यांचे मोठे प्रदर्शन भरविण्यात आले. हा सर्व उद्योग एकाच प्रेरणेतून झालेला दिसतो. नव्याने हाती आलेल्या प्रांतात काय पिकते, काय खणून काढता येते आणि कोण राहते, याची मोजदाद राज्यकर्त्यांना हवी होती. संग्रहालय हे त्या मोजदादीचे दृश्य रूप होते.

१८७० साली बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया येथे तांब्याची ४२४ हत्यारे आणि चांदीच्या १०२ वस्तू यांचा साठा उघडकीस आला. त्यातील काही वस्तू नागपूरच्या संग्रहालयात, तर काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या. हा साठा प्रथम दिसला तो गुरे राखणाऱ्या दोन मुलांना. पुरातत्त्वाच्या ग्रंथांत गावाचे नाव, हत्यारांची संख्या आणि त्यांचे वजन यांची चर्चा होते. त्या मुलांचा उल्लेख ‘गुराखी’ एवढाच उरतो. पुढे १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमाने, जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडल्यास त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक केले. वस्तूच्या रक्षणासाठी असा कायदा आवश्यक होता, हे नाकारता येत नाही. परंतु त्याच्या दृष्टीने सापडविणारा हा केवळ खबर देणारा व मोबदल्याचा दावेदार होता. ज्या शेतात वस्तू निघाली त्या शेताविषयी, तेथील जुन्या पांढरीविषयी त्याला जे ठाऊक होते, ते नोंदविण्याची सोय त्या व्यवस्थेत नव्हती.

‘अजब’ या शब्दाची फेरतपासणी :

नागपूरचे संग्रहालय लोकांमध्ये ‘अजब बंगला’ या नावानेच ओळखले जाते. लाहोरच्या संग्रहालयाला ‘अजायबघर’ आणि कोलकात्याच्या संग्रहालयाला ‘जादूघर’ ही नावे लोकांनीच दिली. ही नावे प्रेक्षकांच्या अज्ञानाची खूण आहेत, असा समज सुशिक्षितांत दीर्घकाळ रूढ आहे. खेड्यातील माणूस तमाशा पाहावा तसा संग्रहालय पाहतो, वर्गीकरण व कालक्रम त्याच्या ध्यानी येत नाहीत, अशी ही तक्रार आहे.

या तक्रारीची चिकित्सा होणे आवश्यक आहे. ज्ञान प्रकाश यांनी ‘अनदर रीझन’ (१९९९) या ग्रंथात वसाहतकालीन संग्रहालये व प्रदर्शने यांतील एक अंतर्विरोध दाखविला आहे. गर्दी खेचण्यासाठी या संस्थांना लोकांच्या विस्मयावर विसंबावे लागे. आणि आपले ज्ञानदानाचे कार्य सिद्ध करण्यासाठी त्याच विस्मयाला अडाणीपणा ठरवावे लागे. हा मुद्दा मान्य केल्यास ‘अजब बंगला’ या नावाचा अर्थ बदलतो. भुसा भरलेला वाघ, परमुलखातील शस्त्रे आणि देवळातून निखळलेली मूर्ती एकाच छताखाली मांडलेली पाहून ‘अजब’ म्हणणारा प्रेक्षक मांडणीचे अचूक वर्णन करीत होता. विशेषतः मूर्तीच्या बाबतीत हे खरे आहे. गावात जिला शेंदूर लागतो, तीच मूर्ती येथे शतकाच्या व शैलीच्या चिठ्ठीसह उभी असते. तिच्यापुढे हात जोडावेत की दोन पावले मागे उभे राहावे, हा त्या माणसापुढील पेच बौद्धिकच आहे.

पिएर बोर्द्यू व आलँ दार्बेल यांनी १९६६ साली युरोपातील कलासंग्रहालयांच्या प्रेक्षकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दार सर्वांस खुले असले तरी कला ‘कळणे’ हे घर व शाळा यांतून मिळालेल्या संस्कारावर अवलंबून असते, असा त्यांचा निष्कर्ष होता. विदर्भात त्यास एक जोड द्यावी लागते. येथील प्रेक्षकाकडे ज्ञानाचा अभाव नव्हता; त्याच्याकडील ज्ञानाला संग्रहालयात जागा नव्हती.

ओळखणारा प्रेक्षक :

या पार्श्वभूमीवर पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय वेगळे ठरते. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी दिवे, अडकित्ते, दौती, कुलुपे, स्वयंपाकाची भांडी, वाद्ये, नक्षीदार दारे अशा वीस हजारांवर वस्तू जमविल्या आणि अकाली गेलेल्या पुत्राच्या स्मृतीस वाहिलेला हा संग्रह १९६२ साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. येथे येणारा सामान्य प्रेक्षक चिठ्ठी वाचण्यापूर्वीच वस्तू ओळखतो. ‘आमच्या आजीकडे असा होता,’ हे उद्गार येथे स्वाभाविक वाटतात. विस्मयाची जागा ओळखीने घेतली, हे या संग्रहाचे ऐतिहासिक महत्त्व होय.

मात्र त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. केळकरांची दृष्टी रसिकाची होती. अडकित्ता निवडला गेला तो घडणीसाठी, दिवा नक्षीसाठी. त्यामुळे सुबत्ता असलेल्या घरातील कलाकुसरीची वस्तू या संग्रहात प्रामुख्याने दिसते. जिच्यावर नक्षी नाही पण जिच्यावर संसार व शेती चालली, ती वस्तू मागे राहते.

वत्सगुल्म, अजिंठा आणि किन्हीराजा :

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेचे स्वतंत्र अस्तित्व स्पष्ट झाले ते १९३९ मध्ये वाशीम येथे मिळालेल्या, दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटामुळे. याच शाखेतील हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे करविले. एकोणिसाव्या शतकात रॉबर्ट गिल यांनी काढलेल्या अजिंठा चित्रांच्या प्रतिकृती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या आणि त्यांपैकी बहुतेक १८६६ च्या आगीत नष्ट झाल्या. ज्या कलेला वत्सगुल्मचा आश्रय लाभला, तिचा अपेक्षित प्रेक्षक लंडनचा नागरिक होता. वऱ्हाडातील शेतकरी त्या कल्पनेत कोठेच नव्हता.

आज त्याच शेतकऱ्याची अवजारे भूतकाळात जमा होत आहेत. ट्रॅक्टर आल्यानंतर लाकडी तिफण, वखर आणि डवरा गोठ्याच्या आढ्याला गेले वा चुलीत जळाले. तिफणीचे चाडे, नळ व फण ओळखणारी आणि चाड्यावर मूठ कशी धरावी हे सांगू शकणारी पिढी किन्हीराजासारख्या गावांतून अद्याप हयात आहे. आणखी वीस वर्षांनी एखादी तिफण संग्रहालयात पोहोचलीच, तर ती ‘पेरणीचे अवजार, विदर्भ’ एवढ्या चिठ्ठीनिशी पोहोचेल आणि नातवाला ‘अजब’ वाटेल. त्या वेळी दोष नातवाचा नसेल.

समारोप :

संग्रहालयाचा प्रेक्षक घडवावा लागतो, हे विधान अर्धसत्य आहे. प्रेक्षकाने संग्रहालय घडविण्याची शक्यता त्यात गृहीत धरलेली नाही. ग्रामीण महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांना येथे करण्यासारखे काम आहे. त्यासाठी मोठी इमारत लागत नाही. वस्तू कोणाच्या घरची, तिचे स्थानिक नाव काय, तिच्या भागांची नावे काय, ती कोण वापरीत असे आणि कोणत्या कारणाने वापरातून गेली, एवढ्या पाच रकान्यांची नोंदवही पुरेशी आहे. तिच्यातील माहिती प्राध्यापक सांगणार नाहीत; ती विद्यार्थ्यांच्या आजी-आजोबांकडून मिळवावी लागेल. गुंगेरियाच्या त्या दोन गुराख्यांची नावे आता मिळणार नाहीत. यापुढे वस्तू देणाऱ्याचे नाव आणि त्याचे ज्ञान वस्तूसोबत राहील, एवढी दक्षता मात्र घेता येते. आणि संग्रहालयाच्या इतिहासातील ही जुनी त्रुटी दूर करण्याचा आरंभ तेथूनच होऊ शकतो.