मराठी ख्रिस्ती लेखनसेवा : साक्षीकडून प्रश्नाकडे

गेली दहा वर्षे मी मंडळीच्या नियतकालिकांतून लिहीत आलो आहे. आमच्याकडे या कामाला 'लेखनसेवा' म्हणतात. सेवेचा मोबदला मागायचा नसतो. तिचा हिशेबही कुणी मागत नाही. तो आता मी स्वतःच मांडायला बसलो आहे. हे लेखन मी कुणासाठी केले, आणि ज्या माणसांतून मी आलो त्यांचे जगणे त्यात किती उतरले? हा प्रश्न माझ्या एकट्याचा असता तर या पानांवर आणला नसता.

आमच्या लेखनाचा ठरलेला साचा म्हणजे साक्ष. आधी अंधार, मग प्रभूची भेट, मग बाप्तिस्मा आणि उजेड. साक्ष बाप्तिस्म्यापाशी संपते. पुढे सांगण्यासारखे काही उरतच नाही, असे तिचे गृहीत असते. माझ्या आजीवर मी लिहिले तेही याच साच्यात. नगर जिल्ह्यातल्या एका महारवाड्यात ती ख्रिस्ती झाली. अक्षरओळख नसताना तिला 'उपासना संगीता'तली कितीतरी गीते तोंडपाठ होती. हे सारे खरे होते. पण बाप्तिस्म्यानंतरही गावच्या विहिरीवर तिला पाणी वरूनच वाढले जाई, हाही एक परिच्छेद मी लिहिला होता. संपादकांनी तो काढला. 'ख्रिस्तात जात नाही, मग लेखात कशाला?' असे त्यांचे म्हणणे. मी मान डोलावली. लेख छापून आला, तो घरी सगळ्यांना दाखवला. परिच्छेद गाळणारा हात त्यांचा होता. गाळू देणारा माझा. मला विचार करायचा आहे तो या दुसऱ्या हाताचा.

हा हात कसा घडला? १८५७ साली बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' आली. मराठी कादंबरीचा आरंभ तिच्यापासून मानतात, आणि विधवांचे हाल वेशीवर टांगण्याच्या धाडसाचा मान तिला दिलाच पाहिजे. पण पुनर्विवाहाची बंदी हे वरच्या जातींतले दुःख होते. आमच्याकडे पाट लागत होता. आमच्या बायकांचे दुःख वेठीचे, पाण्याचे, उष्ट्या भाकरीचे होते. पुढे नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांनी ख्रिस्ती भक्तीला अभंग-ओवीची, कीर्तनाची वाट दिली आणि १९१७ साली मिशनची चाकरी सोडून 'देवाचा दरबार' उभा केला. ख्रिस्ती होण्यासाठी परके व्हावे लागत नाही, हे त्यांनी दाखवले. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त (१९३४-३६) सोवळ्याओवळ्याचा संस्कार सुटत जातानाची जी प्रामाणिक नोंद आहे, ती मराठीत दुर्मीळ आहे. तरीही ती नजर सोवळ्यातून बाहेर येणाऱ्या माणसाची आहे. ज्याच्यापासून ते सोवळे जपले जात होते, त्याची नजर तिथे असणार कशी?

हा टिळक दांपत्याचा दोष नव्हे. त्यांनी आपले जगणे लिहिले. दोष आमचा, की आम्ही त्यांचा अंधारही उसना घेतला आणि उजेडही. नगर भागातल्या मंडळ्या प्रामुख्याने महार-मांगांतून उभ्या राहिल्या. लेखनाचा साचा मात्र ब्राह्मण धर्मांतरिताचा राहिला. धर्मांतराने टिळकांना नात्यागोत्याला आणि प्रतिष्ठेला मुकावे लागले, म्हणून त्यांच्या जीवनात बाप्तिस्मा हीच मोठी घटना ठरते. माझ्या आजीपाशी गमवायला प्रतिष्ठा नव्हतीच. तिची खरी कहाणी बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या दिवशी विहिरीवर सुरू होते, आणि नेमकी तिथेच आमची लेखणी थांबते.

पण आमच्या परंपरेत दुसरेही एक पान आहे. अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) १८४२ साली अमेरिकन मिशनने सुरू केलेल्या 'ज्ञानोदया'त १८५५ साली एक निबंध छापला गेला. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या चौदा वर्षांच्या मुलीने तो लिहिला होता. पेशवाईत महार-मांगांना इमारतींच्या पायांत कसे गाडले जाई, आमच्या बाया छपराशिवाय कशा बाळंत होतात, हे ती सांगते. वेद ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, असे ती थेट देवालाच विचारते. या निबंधाला बाप्तिस्म्याचा शेवट नाही. ही साक्ष नाही. हा प्रश्न आहे. मराठी ख्रिस्ती नियतकालिकाने केलेली थोर लेखनसेवा कोणती असे मला कुणी विचारले, तर मी या निबंधाकडे बोट दाखवीन. तिथे उपदेशाने जागा दिली आणि पीडिताने ती आपल्या प्रश्नासाठी वापरली. ही परंपरा आम्ही पुढे का नेली नाही?

उत्तर आपल्या चळवळीतल्या मित्रांनाही द्यावे लागेल. 'बलुतं' (१९७८) आल्यापासून दलित आत्मकथनांनी अंधार-उजेडाचा सोपा हिशेब मोडून काढला. त्या प्रवाहात ख्रिस्ती महार-मांगांचे जगणे मात्र फारसे आले नाही. कारण मंडळी म्हणते, तू आता दलित नाहीस. मित्र म्हणतात, तू मिशनच्या भाकरीसाठी गेलास. राज्याचा १९५० चा अनुसूचित जातींचा आदेशही तेच म्हणतो. त्यात १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती बाहेरच राहिले. विहिरीवर तेवढे आजीला कुणी सांगितले नाही, की बाई, तू आता अस्पृश्य नाहीस.

बाबासाहेबांनी हे दुखणे ओळखले होते. शासनाने काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात (१९८९) धर्मांतरितांच्या स्थितीवरचा इंग्रजी लेख आहे. ख्रिस्ती समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध समाज म्हणून उभा राहिला नाही, हा त्यातला आरोप आहे. तो वाचून आमच्यातले काही दुखावतात. मला तो आरोप लेखनापुरता तरी मान्य करावासा वाटतो.

मग पुढची दिशा कोणती? ख्रिस्त सोडून लिहा, असे मी म्हणत नाही. उलट शुभवर्तमान आपल्या डोळ्यांनी वाचा, असे म्हणतो. योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्री घ्या. प्रवचनांत मी तिचे पाच नवरे आणि तिचे पापच ऐकत आलो. पण कथा सुरू होते ती पाण्यापासून. यहुदी पुरुष शोमरोनी बाईजवळ पाणी मागतो, याचेच तिला नवल वाटते. त्याच्यापाशी पोहराही नाही. म्हणजे तो पिणार ते तिच्याच भांड्यातून! २० मार्च १९२७ रोजी महाडच्या तळ्यावर जे घडले ते ठाऊक असलेल्या माणसाला हा अध्याय वेगळा समजावून सांगावा लागतो काय? तरी त्या विहिरीवर महाड आठवून लिहिलेला एक लेख माझ्या नावावर नाही. ही माझ्या सेवेची तूट आहे.

मंडळ्यांच्या जुन्या बाप्तिस्मा-नोंदवह्या, म्हाताऱ्या बायांच्या ओव्या, दफनभूमीचे तंटे, लग्न जुळवताना हळूच विचारली जाणारी जात, हे आमचे साहित्याचे साधन आहे. ते लिहिल्याने प्रभूची निंदा होत नाही; झालीच तर आमची होईल, आणि ती व्हायला हवी.

आजीवरचा लेख मी पुन्हा लिहिला आहे. गाळलेला परिच्छेद या वेळी पहिला आहे. तो मी मंडळीच्या मासिकाला पाठवणार आहे आणि आपल्या चळवळीच्या नियतकालिकालाही. दोन्ही ठिकाणी तो एकही शब्द न गाळता छापला जाईल तेव्हा आमची लेखनसेवा १८५५ च्या त्या मुलीच्या ऋणातून थोडी तरी मोकळी होईल.