अश्लीलता : दोष आणि गुन्हा
(‘श्यामा’ खटल्याचा वाङ्मयीन विचार)

साहित्यकृती अश्लील ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न मराठी वाङ्मयात अनेकदा उपस्थित झाला आहे. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावरील खटले आणि मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहावरील खटला यांची चर्चा समीक्षकांनी आस्थेने केली आहे. त्या मानाने चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘श्यामा’ या कथेवरील खटला वाङ्मयचर्चेत उपेक्षित राहिला. त्याचे कारण उघड आहे. मर्ढेकर हे नवकाव्याचे प्रवर्तक आणि कर्वे हे बुद्धिनिष्ठ सुधारक. त्यांच्या बाजूने उभे राहण्यात समीक्षेला प्रतिष्ठा वाटली. काकोडकर हे लोकप्रिय कथा-कादंबऱ्यांचे लेखक. त्यांच्या कृतीची पाठराखण करण्याचे समीक्षेला प्रयोजन वाटले नाही. परंतु नेमक्या याच कारणासाठी प्रस्तुत खटला कला आणि अश्लीलता यांच्या सीमारेषेविषयी अधिक बोधप्रद ठरतो.

‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात प्रसिद्ध झाली. एका कवीच्या आयुष्यात क्रमाने आलेल्या स्त्रिया आणि त्यांच्याशी जडलेले त्याचे संबंध हा तिचा विषय. भारतीय दंडविधानाच्या २९२ व्या कलमाखाली लेखक, मुद्रक-प्रकाशक व विक्रेता यांच्यावर खटला भरण्यात आला. दंडाधिकाऱ्यांनी आरोपींना निर्दोष ठरविले. उच्च न्यायालयाने मात्र लेखकास व मुद्रक-प्रकाशकास दोषी ठरवून प्रत्येकी पंचवीस रुपये दंड केला आणि त्यांच्याजवळील अंक नष्ट करण्याचा आदेश दिला. दंडाची रक्कम क्षुल्लक होती; अंक नष्ट करण्याचा आदेश क्षुल्लक नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने २५ ऑगस्ट १९६९ रोजी हा निर्णय फिरविला.

या निर्णयाचे महत्त्व कळण्यासाठी त्यामागील कसोटी ध्यानात घेतली पाहिजे. १८६८ च्या हिक्लिन खटल्यात इंग्लंडचे मुख्य न्यायमूर्ती कॉकबर्न यांनी घालून दिलेला दंडक असा, की अनैतिक प्रभावास सहज बळी पडणाऱ्या मनांना भ्रष्ट करण्याची प्रवृत्ती लेखनात असेल, तर ते अश्लील. म्हणजे कृतीचा न्याय तिच्या सर्वांत दुर्बल वाचकाच्या मापाने व्हावयाचा. ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ या कादंबरीची प्रत विकल्याबद्दल मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्यावर झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली हीच कसोटी, काही मर्यादांसह, मान्य केली होती. तत्पूर्वी १९६० सालीच इंग्लंडमध्ये त्या कादंबरीचे प्रकाशक निर्दोष सुटले होते. तथापि तेथे १९५९ च्या नव्या कायद्याने वाङ्मयीन गुणवत्तेचा बचाव उपलब्ध करून दिला होता, हे विसरता येत नाही.

‘श्यामा’च्या निकालात दोन वेगवेगळी कारणे एकत्र गुंफलेली दिसतात, आणि ती वेगळी करून पाहणे अगत्याचे आहे. पहिले कारण असे : कथा उच्च वाङ्मयीन दर्जाची नसेल, तीत अपरिपक्वता व अभिरुचीचा अभाव दिसत असेल, परंतु एवढ्याने ती अश्लील ठरत नाही. दुसरे कारण असे : कथेत चुकलेल्या व्यक्तीच्या वर्तनाचा निषेध सूचित होत असेल आणि तीतून नैतिक बोध निघत असेल, तर तसे प्रसंगचित्रण किशोरवयीन वाचकास भ्रष्ट करील असे म्हणता येत नाही. किशोरवयीनांचा कामविषयाशी संबंधच येऊ नये अशी अपेक्षा लेखकाकडून धरली, तर त्यांना निव्वळ धार्मिक ग्रंथच वाचावे लागतील, हेही न्यायालयाने बजावले.

यांपैकी दुसरे कारण कोल्हापूरच्या वाङ्मयीन परंपरेस अपरिचित नाही. ना. सी. फडके राजाराम महाविद्यालयात अध्यापन करीत असताना, आणि १९३८ पासून येथेच स्थायिक झालेले वि. स. खांडेकर लेखन करीत असताना, ‘कलेसाठी कला’ की ‘जीवनासाठी कला’ या वादाने मराठी साहित्यविश्व ढवळून निघाले होते. आनंद हे कलेचे प्रयोजन मानणारी फडक्यांची भूमिका आणि जीवनमूल्यांशी कलेचे नाते अटळ मानणारी खांडेकरांची भूमिका यांत विरोध असला, तरी प्रस्तुत प्रश्नापुरती त्यांची एक समान मर्यादा आहे. फडक्यांच्या तत्त्वाने कलात्मक कृतीचे समर्थन होते; खांडेकरांच्या तत्त्वाने मूल्यगर्भ कृतीचे. जी कृती कलात्मकही नाही आणि उदात्तही नाही, तिला या दोन्ही दालनांत आश्रय नाही. ‘श्यामा’ नीतिबोधाच्या आधारे सुटली असे मानले, तर ती खांडेकरी कसोटीवर सुटली. परंतु बोध न करणाऱ्या पुढच्या कथेचे काय, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

या ठिकाणी संस्कृत साहित्यशास्त्राची साक्ष उपयुक्त ठरते. मम्मटाने अश्लीलत्वाची गणना काव्यदोषांत केली असून व्रीडा, जुगुप्सा व अमंगल असे त्याचे तीन प्रकार मानले आहेत. यांपैकी केवळ पहिलाच कामविषयाशी निगडित आहे, हे लक्षणीय होय. शिवाय हा दोष अनित्य आहे. विशिष्ट प्रसंगी तो दोष राहत नाही, असेही शास्त्रकार सांगतात. आनंदवर्धनाने ‘कुमारसंभवा’तील देवतांच्या शृंगारवर्णनाचा विचार करताना कवीच्या प्रतिभेने तेथील अनौचित्य झाकले जाते, असे प्रतिपादन केले. सदोष काव्य हे उणे काव्य होय. ते राजदंडास पात्र होते, असा निष्कर्ष या विवेचनातून निघत नाही. दोष दाखविणे हे सहृदयाचे काम, आणि त्याची शिक्षा रसभंग हीच.

दोष आणि गुन्हा यांतील हा भेद ‘श्यामा’च्या निकालातील पहिल्या कारणाने आधुनिक कायद्यात जवळजवळ प्रस्थापित केला होता. परंतु त्याच वर्षी २९२ व्या कलमात दुरुस्ती होऊन, विज्ञान, साहित्य, कला वा विद्या यांच्या हितार्थ झालेल्या लोकोपयोगी प्रकाशनास संरक्षण मिळाले. ही सुधारणा स्वागतार्ह खरी. मात्र तिने गुणवत्तेचा प्रश्न पुन्हा न्यायालयात आणला. प्राचीन स्मारके व मंदिरांवरील शिल्पांना कायद्याने दिलेली सूट हीही कलेकडे पाहून नव्हे, तर स्थान व श्रद्धा यांकडे पाहून दिलेली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या २९४ व्या कलमातही ही चौकट मूलतः तीच राहिली आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली हिक्लिन कसोटी त्याज्य ठरवून समकालीन समाजमानाचा निकष स्वीकारला. तथापि पुढच्याच वर्षी, वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेच्या प्रकरणात, इतिहासातील आदरणीय व्यक्तीच्या मुखी अश्लील शब्द घातल्यास हाच निकष अधिक कठोरपणे लावावा, असे मत त्याने दिले. येथे कामोद्दीपनाऐवजी अनादर हा सीमारेषेचा आधार बनला. दुर्बल वाचक, नैतिक बोध, समाजमान आणि आदर असे सीमारेषेचे आधार बदलत गेले; रेषा मात्र पुसली गेली नाही.

या इतिहासातून समीक्षेने घ्यावयाचा धडा मर्यादित पण निश्चित आहे. न्यायालयात साक्षीस उभा राहणारा समीक्षक कृती थोर असल्याचे सांगून तिला सोडवू पाहतो, तेव्हा सामान्य कृती शिक्षेस पात्र असल्याची कबुली तो नकळत देत असतो. मर्ढेकरांचे समर्थन करताना ही अडचण जाणवत नाही. काकोडकरांचे समर्थन करताना ती टाळता येत नाही. ‘श्यामा’ ही सामान्य कथा आहे असे म्हणण्याचे पूर्ण स्वातंत्र्य समीक्षेस हवे. परंतु त्या अभिप्रायाचा उपयोग अंक नष्ट करण्याच्या आदेशास होऊ नये, ही दक्षताही तिनेच घेतली पाहिजे. अभिरुचीचा निर्णय आणि अपराधाचा निर्णय हे भिन्न निर्णय आहेत. त्यांची सरमिसळ झाली, की साहित्य आणि न्याय या दोहोंचीही हानी होते.