पायी पाहिलेली राजधानी

दिवाळीच्या अंकात परदेशाचे प्रवासवर्णन नसले, तर फराळाच्या ताटात चिवडा नसल्यासारखे वाटते. मराठी वाचकाने लंडन आणि पॅरिस पहिल्याने पाहिले ते अशाच पानांतून. अनंत काणेकरांनी 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०) या पुस्तकात लंडन आणि मॉस्को या दोन राजधान्या आपल्या ओटीवर आणून ठेवल्या. पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' १९६० साली पुस्तकरूपाने आली आणि युरोप हा घराघरांत हसतखेळत बोलण्याचा विषय झाला. पुढे डॉ. मीना प्रभु यांनी 'माझं लंडन' लिहिले. हे सारे आवडीने वाचून झाल्यावर एक साधाच प्रश्न मनात येतो. राजधानी पाहायला गेलेला लेखक तिथे चालला किती?

जव्हार-मोखाड्याकडच्या वाचकाला हा प्रश्न सुचावा, यात नवल नाही. २०१४ साली ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्याचा हा डोंगराळ भाग. पाडा सडकेपासून किती चालीवर आहे, यावर इथे शाळा, दवाखाना आणि रेशन यांचे गणित ठरते. मोखाडा तालुक्यात कोचाळे येथे मध्य वैतरणेचे धरण आहे आणि त्याचे पाणी मुंबईला जाते. याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवरच्या बायका चैत्र-वैशाखात हंड्यावर हंडा घेऊन पाण्यासाठी पायपीट करतात. अशा मुलखात चालणे ही हौस नव्हे. म्हणूनच हौसेने चालणाऱ्याने काय पाहिले, हे इथला वाचक अधिक बारकाईने वाचतो.

आपल्या प्रवासवर्णनांचा मोठा भाग बसच्या खिडकीतून लिहिलेला असतो. एक मनोरा, एक राजवाडा, एक संग्रहालय, आणि प्रत्येकाची उंची, सन व तिकिटाची किंमत. हा मजकूर खोटा नसतो, पण तो लिहायला तिथे जाण्याची गरज नसते. चालणाऱ्याला जे मिळते ते निराळे. १६६६ च्या आगीत लंडनचा जुना गाभा जळून गेला. ख्रिस्तोफर रेनसारख्यांनी सरळ, रुंद रस्त्यांचे आराखडे पुढे केले. पण लोकांनी आपापल्या जागेवरचा हक्क सोडला नाही आणि शहर बहुतांशी जुन्याच रेषांवर पुन्हा उभे राहिले. त्या भागातल्या गल्ल्या आजही वळणे घेत जातात आणि चालणारा हमखास चुकतो. पॅरिसची गोष्ट उलटी. तिथे १८५३ पासून ओस्मान याने गरिबांच्या दाट वस्त्या पाडून लांबच लांब राजरस्ते काढले. पॅरिसात चालताना रस्त्याचे टोक दुरूनच दिसते. एका शहराने रहिवाशांचे ऐकले, दुसऱ्याने बादशहाचे. हा फरक आधी पायांना कळतो आणि मग पुस्तकात सापडतो. बसमध्ये बसलेल्याला दोन्ही शहरे सारखीच सुंदर दिसतात.

या कसोटीवर 'अपूर्वाई' कुठे उतरते? तिचे मोठेपण तिच्या माणसांत आहे. निघण्याआधीच्या तयारीची आणि फुकटच्या सल्ल्यांची गंमत पुलंनी अशी रंगविली आहे, की विलायत येण्याआधीच पुस्तक वसूल होते. पॅरिसवरची त्यांची माया तर लपता लपत नाही. मात्र परक्या रस्त्यावर आपण नुकते कुठे उभे राहतो न राहतो, तोच एखादी चुरचुरीत तुलना आपल्याला पुन्हा आपल्या चाळीत आणून सोडते. पुलंच्या हाती ही तुलना शोभते, कारण तिच्यामागे माणसावर लोभ करणारी नजर आहे. त्यांच्या मागून आलेल्या अनेकांनी तुलना तेवढी उचलली आणि नजर घ्यायची राहून गेली. मग लंडनच्या धुक्यात वडापाव आठवणे, एवढेच प्रवासवर्णनाचे काम उरले.

लंडनमध्ये मराठी माणसाने मुद्दाम जावे असे एक घर आहे, १० किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये डॉ. आंबेडकर तिथे राहिले आणि २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. तिथे जाऊन छायाचित्र काढणे सोपे आहे. पण त्या घरापासून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सपर्यंतचे चार-पाच किलोमीटर एकदा पायी तोडावेत. काटकसरीने राहून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हे वैभवशाली शहर कसे दिसले असेल, याचा थोडा तरी अंदाज त्या वाटेवर येईल. असे एखादे पान लिहिले गेले, तर ते दहा राजवाड्यांच्या वर्णनाला भारी पडेल.

चालण्यातून उतरलेले एक मोठे मराठी पुस्तक आपल्याकडे आहे, फक्त ते प्रवासवर्णनांच्या कपाटात ठेवलेले नसते. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे ते पुस्तक. ते १९७० साली निघाले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुण्याच्या सुखवस्तू घरातली ही वकील बाई १९४५ च्या सुमारास ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांच्या पाड्यांवर पायी हिंडली. वेठबिगार म्हणजे काय, हे तिने झोपडीत बसून ऐकले. ते पुस्तक चळवळीचा इतिहास म्हणून वाचले जाते, आणि ते योग्यच आहे. पण परका मुलूख कसा पाहावा, याचाही तो वस्तुपाठ आहे. ही लेखिका देखावा शोधत नाही. ही जमीन कुणाची आणि राबतो कोण, हे ती विचारते. हाच प्रश्न आपण लंडन-पॅरिसच्या फुटपाथवर का विचारू नये?

आणि जव्हारलाही का विचारू नये? कारण जव्हार हीदेखील राजधानीच. मुकण्यांच्या कोळी राजघराण्याने सुमारे सहा शतके इथून राज्य केले आणि १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. सकाळच्या वेळात पायी हिंडून होईल एवढे हे गाव. १६६४ साली सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराज इथे आले, अशी आठवण शिरपामाळ सांगते. मोखाड्याच्या बोहाड्यात देवदानवांचे मुखवटे टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या तालावर रात्रभर रस्त्याने नाचत जातात. रस्ता हेच रंगमंच. परंतु मुंबईहून येणारा पाहुणा मोटारीतून हनुमान पॉइंट, सनसेट पॉइंट आणि जयविलास राजवाडा उरकून संध्याकाळी परततो. म्हणजे दोष युरोपचा नाही, आपल्या पाहण्याचा आहे. लांबच्या राजधानीत जी घाई, तीच जवळच्या राजधानीत.

आता फराळ होईल आणि अंक हातोहात फिरतील. दिवाळी सरली की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरची कित्येक कुटुंबे भांडीकुंडी बांधून भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांची वाट धरतील आणि पावसाच्या तोंडाशी परततील. तोही प्रवासच, आणि त्यात पाहणारे डोळे असतात. त्या वाटेवरची एखादी मुलगी लिहायला बसेल तेव्हा शहर कसे दिसेल, याची मराठी प्रवासवर्णन अजून वाट पाहत आहे. तोवर या वर्षीच्या अंकांतली लंडन-पॅरिसे जरूर वाचावीत. वाचताना लेखकाला एवढेच विचारावे: रस्ता चुकलात तेव्हा वाट कुणाला विचारलीत, आणि तो माणूस कुठून चालत आला होता?