एक जपानी अद्भुतकथा : ‘ड्रॅगन क्वेस्ट ११’

व्हिडिओ गेमचें परीक्षण वाङ्मयीन मासिकांत यावें, याचें कांहीं वाचकांस नवल वाटेल. परंतु जी कृति पुरी होण्यास एखाद्या मोठ्या कादंबरीहून अधिक वेळ लागतो, जींत पात्रें, संवाद व संगीत हीं सारीं आहेत, आणि जींत तरुण मंडळी आठवडेच्या आठवडे रमून जातात, तिच्या गुणदोषांची चर्चा करावयाची नाहीं, तर मग करावयाची तरी कशाची?

‘ड्रॅगन क्वेस्ट’ या मालेंतील पहिला खेळ १९८६ सालीं जपानांत निघाला. युजी होरी यांचें कथानक, अकिरा तोरियामा यांचीं चित्रें आणि कोइची सुगियामा यांचें संगीत हा त्रिवेणी संगम तेव्हांपासून अकराव्या भागापर्यंत टिकला. हा भाग जपानांत २०१७ सालीं व इतर देशांत २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें सुगियामा २०२१ सालीं व तोरियामा २०२४ सालीं निवर्तले. त्यामुळें तिघांच्याही हयातींत निघालेला मालेंतील हा शेवटचा क्रमांकित भाग ठरला.

खेळाची घडण जाणूनबुजून जुनी ठेविली आहे. शत्रूशीं गांठ पडली कीं उभय पक्ष पाळीपाळीनें वार करितात. तरवार चालवावी, मंत्र म्हणावा कीं औषधि द्यावी, याचा विचार करण्यास खेळणाऱ्यास हवा तेवढा अवधि मिळतो. दमलें म्हणजे धर्मशाळेंत निजावें, आणि आजवरच्या प्रवासाची नोंद ठेवावयाची तर धर्मगुरूपुढें जाऊन उभें राहावें, असा शिरस्ता. बोटांच्या चपळाईची परीक्षा पाहणाऱ्या खेळांस सरावलेल्यांना हें सारें मंद वाटेल. आम्हांस हा मंदपणाच या कृतीचा प्राण वाटतो. सोबत्यांच्या स्वभावांशीं येथें जी ओळख होते, ती घाईगर्दींत झाली नसती.

कथेचा आरंभ चतुर आहे. कॉबलस्टोन नांवाच्या खेड्यांत वाढलेल्या एका पोरक्या मुलास वयांत येतांच कळतें कीं, आपण एका प्राचीन वीराचा अवतार आहों. तो मोठ्या आशेनें हेलिओडोरच्या राजाकडे जातो. जुन्या कथांतील राजानें त्यास आशीर्वाद देऊन मोहिमेवर पाठविलें असतें. हा राजा त्यास अंधाराचा दूत ठरवून कोठडींत टाकितो, आणि त्याच्या खेड्याचा विध्वंस होतो. पुढील भटकंतींत गांवोगांवच्या उपकथा येतात. त्यांतली लोनालुलू येथील कथा आम्हांस विशेष आवडली. मिशेल नांवाची मत्स्यकन्या आपल्या कोळी प्रियकराची वाट पाहत बसली आहे. मनुष्याचें आयुष्य किती तोकडें असतें याची तिला कल्पना नाहीं. तो केव्हांच मरून गेला आहे. तिला खरें सांगावें कीं खोटें, हा प्रश्न खेळणाऱ्यापुढें येऊन पडतो. खोटें सांगितलें तर ती वाट पाहतच राहते. खरें सांगितलें तर ती किनाऱ्यावर येऊन त्याच्या थडग्याचें दर्शन घेते, आणि समुद्राच्या फेंसांत विरून जाते. योग्य उत्तर कोणतें, हें लेखक सांगत नाहीं. कादंबरींत असला निर्णय लेखक घेऊन मोकळा होतो. येथें तो आपल्याच बोटानें घ्यावा लागतो, व बोट कांहीं वेळ अडखळतें.

मध्यंतरीं जगाचा आधार असलेला महावृक्ष कोसळतो, दुष्टांचा जय होतो आणि नायकाचे सोबती दाही दिशांस फेंकले जातात. येथून सुरू होणारा दुसरा खंड हा आमच्या मतें या कृतीचा कळस होय. सिल्व्हांडो नांवाचा रंगेल कलावंत उद्ध्वस्त मुलुखांतून नाचत गात मिरवणूक काढीत हिंडतो. हंसवणें हेंच त्याचें क्षात्रकर्म. व्हेरोनिका व सेरेना या जुळ्या बहिणी. त्यांतली फटकळ व्हेरोनिका वृक्ष कोसळतांना इतरांस वांचवून स्वतः मेली, हें सर्वांस फार उशिरां कळतें. झाडास टेकून ती निजली आहे असें वाटतें, आणि पाहतां पाहतां ती नाहींशी होते. मग सेरेना आपले लांब केस कापते, बहिणीची विद्या आपल्या अंगीं घेते आणि पुढें चालूं लागते. त्यानंतर कित्येक तास खेळणाऱ्यास आपल्या मेळ्यांत एक जागा रिकामी दिसत राहते. शोकाचें असें चित्रण या प्रकारांत विरळा.

आणि हें साधल्यावर लेखकानें तें स्वहस्तें मोडावें! दुष्टाचा नाश होतो, कर्त्यांची नामावळीही पडद्यावरून सरकून जाते. आणि मग नायकास कळतें कीं, काळांत मागें गेल्यास व्हेरोनिकाचे प्राण वांचवितां येतील. तो एकटाच मागें जातो. वृक्ष कोसळत नाहीं, व्हेरोनिका मरत नाहीं, सेरेनाचे केस पुन्हां पाठीवर रुळतात. मेलेलें माणूस परत आलें, हा आमचा आक्षेप नव्हे. सावित्रीनेंही सत्यवानास परत आणिलें. परंतु यमाच्या मागून ती चालत गेली, ती वाट कथेनें खोडून टाकिली नाहीं. येथें सेरेनानें जें धैर्य दाखविलें तें तिचें तिलाच ठाऊक राहत नाहीं. ज्या सोबत्यांनीं जड अंतःकरणानें नायकास निरोप दिला, त्यांच्या त्या जगाचें पुढें काय झालें, याचाही सरळ उलगडा नाहीं. मागें जावें कीं न जावें हें खेळणाऱ्याच्याच हातीं आहे, असें कोणी म्हणेल. पण मत्स्यकन्येच्या प्रसंगीं दोन्ही उत्तरांस कथा देणाऱ्या लेखकानें येथें ‘न जाण्या’स कांहींच दिलें नाहीं.

नायकाचें मौन हा दुसरा दोष. खेळणाऱ्यास तो आपणच वाटावा म्हणून त्यास मुका ठेविला आहे. विनोदी प्रसंगीं तें खपतें, पण मित्राच्या मृत्यूपुढें तो निर्विकार चेहऱ्यानें उभा राहिला म्हणजे मन विटतें. स्त्रीपात्रांच्या वेषांवरून केलेले कांहीं चावट विनोद कुटुंबांत बसून पाहण्याजोगे नाहींत. इंग्रजी भाषांतर मात्र मोठें खेळकर आहे. हॉट्टो गांवचे लोक हायकूच्या मापांत बोलतात, आणि तें बहुधा ओढूनताणून वाटत नाहीं.

पहिल्या आवृत्तींतील यांत्रिक सूर थोड्याच वेळांत कानांस टोचूं लागतात. सबब घ्यावयाची तर खऱ्या वाद्यवृंदाची सोय असलेली २०१९ सालची आवृत्ति घ्यावी, आणि नामावळी पहिल्यांदां येते तेथें थांबतां येतें काय तें पाहावें. त्यापुढें लढाया अधिक बिकट होतात आणि शस्त्रें अधिक भारी मिळतात. ज्यांस त्यांचीच हौस असेल त्यांनीं तो भाग अवश्य खेळावा.